पात्रता तिची, पद कुणाचेच नाही

गेल्या ईदला सगळे घरी जमले होते. शीरखुर्म्याच्या वाट्या आत गेल्या आणि माझी चुलत बहीण मोबाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. ती नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून सहा वर्षे झाली. सध्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर काम करते. म्हणाली, "भाई, तू दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतोस. फॉरेन्सिक नर्सला पगार किती मिळतो आणि त्यासाठी काय शिकावं लागतं, एवढं शोधून दे. बाहेरचं एका बाजूला लिही, आपल्याकडचं दुसऱ्या बाजूला."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तक्ते बनवणे हे माझे रोजचेच काम. तासाभरात होईल असे वाटले होते. पण तक्त्याचा आपल्याकडचा रकाना काही केल्या भरेना. तो का भरत नाही, हे शोधता शोधता जे समजले ते बहिणीच्या नोकरीपुरते राहिले नाही, म्हणून हा लेख.

आधी ती हे का विचारत होती ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या रात्रपाळीत एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी कोण, कुठली, हे बहिणीने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ड्युटीवरच्या डॉक्टर बाळंतपणाच्या केसमध्ये अडकल्या होत्या. मुलगी दोन तास बाकावर बसून राहिली. मधल्या वेळेत कुणीतरी तिला हातपाय धुऊन यायला सांगितले. तिचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले गेले. ओला कपडा प्लास्टिकमध्ये कोंदतो, त्यावरचा पुरावा खराब होतो, तो आधी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो, हे बहिणीला माहीत होते. ती तसे बोलली. उत्तर मिळाले, "सिस्टर, हे तुमचं काम नाही. डॉक्टर आणि पोलीस बघतील."

त्या केसचे पुढे काय झाले ते तिला कळले नाही. पिशवीची ती गाठ मात्र तिच्या डोक्यातून गेलेली नाही. तिला ते काम तिचे असावे असे वाटते, आणि त्या कामाचा पगार असावा असेही वाटते. यातले काहीच वावगे नाही.

हे काम नेमके काय

फॉरेन्सिक म्हटले की आपल्याला टीव्हीवरची मालिका आणि शवविच्छेदनाचे टेबल आठवते. फॉरेन्सिक नर्सचे काम मात्र मुख्यतः जिवंत माणसांशी असते. लैंगिक अत्याचार झालेली बाई किंवा मूल, घरात मार खाल्लेली सून, भाजून आलेली बाई, विष घेतलेला तरुण, मारहाण झालेला म्हातारा. यांच्यावर उपचार करायचे, धीर द्यायचा, त्यांची संमती घ्यायची, शरीरावरच्या खुणा मोजमापासकट नोंदवायच्या, नमुने घ्यायचे, ते सीलबंद करायचे आणि कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेले याची साखळी तुटू द्यायची नाही. पुढे बोलावणे आले की कोर्टात उभे राहून हे सगळे सांगायचे.

ही साखळी मला लगेच समजली. आमच्या क्षेत्रात कुठल्या फाइलला कुणी, केव्हा हात लावला याची नोंद ठेवली नसेल, तर बिघाड झाल्यावर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पुन्हा चालू करता येतो. त्या मुलीची ती रात्र परत आणता येत नाही.

बाहेरचा रकाना

अमेरिकेत हे काम नर्सनीच उभे केले. 1970 च्या दशकात मेम्फिस आणि मिनिआपोलिस या शहरांत अत्याचारग्रस्तांची तपासणी प्रशिक्षित नर्सकडून करून घेण्याचे कार्यक्रम सुरू झाले. व्हर्जिनिया लिंच यांनी या विषयाला शास्त्राची बैठक दिली. 1992 मध्ये फॉरेन्सिक नर्सची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1995 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य केली.

पात्रतेची पायरी स्पष्ट आहे. आधी नोंदणीकृत नर्स व्हायचे. मग प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांच्या तपासणीसाठी किमान 40 तासांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर प्रत्यक्ष देखरेखीखाली सराव. संघटनेच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचे तर नर्स म्हणून दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि गेल्या तीन वर्षांत याच कामाचे 300 तास भरलेले असावे लागतात. लहान मुलांच्या तपासणीसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे.

पगाराचे काय? इंटरनेटवर "फॉरेन्सिक नर्स बना, इतके हजार डॉलर मिळवा" अशी पाने पुष्कळ दिसतात. ती जपून वाचावीत. अमेरिकन सरकारची कामगार आकडेवारी फॉरेन्सिक नर्सची वेगळी नोंद करत नाही, सगळ्या नोंदणीकृत नर्स एकत्र मोजते. 2024 मध्ये या सगळ्यांचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे 93,600 डॉलर होते. म्हणजे अर्ध्या नर्सना याहून जास्त, अर्ध्यांना कमी. त्यापलीकडचे आकडे बहुतेक अंदाजाचे असतात. शिवाय यातल्या पुष्कळ जणींचे हे पूर्णवेळ पद नसतेच. वॉर्डमधली किंवा आपत्कालीन विभागातली नोकरी सांभाळून त्या ठरावीक रात्री फोनवर हजर असतात. बोलावणे येईपर्यंत किरकोळ भत्ता आणि बोलावणे आले की तासाप्रमाणे मोबदला.

त्याचा परिणामही दिसतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2016 मध्ये सहा राज्यांचा अभ्यास केला, तेव्हा सहाही राज्यांत अशा प्रशिक्षित तपासनीसांची कमतरता आढळली. ग्रामीण भागात ती अधिक होती. प्रशिक्षणाची सोय अपुरी, रुग्णालयांचा पाठिंबा कमी आणि मनावर ताण मोठा, त्यामुळे शिकलेल्या नर्सही टिकत नाहीत. तिकडे सगळे आलबेल आहे असे बहिणीला सांगण्यात अर्थ नव्हता. पण तिकडे निदान पायरी आहे, प्रमाणपत्र आहे, आणि त्या प्रमाणपत्रावर मिळणारे काम आहे.

आपला रकाना

आता आपल्याकडे पाहू. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. त्यात पाचव्या सत्रात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा विषय घातला. पाऊल योग्य होते. पण हा विषय एका श्रेयांकाचा आहे आणि त्याला 20 तास दिले आहेत. माझी बहीण जुन्या अभ्यासक्रमातली, तिच्या वाट्याला तेवढेही आले नाही. जी.एन.एम. करून वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या हजारो जणींची गोष्टही तीच.

समजा, तिने पदरमोड करून वर्षभराचा एखादा अभ्यासक्रम केला. पुढे काय? महाराष्ट्रात शासकीय अधिपरिचारिकेचे मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते. केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचे 44,900 पासून. दोन्हीकडे भत्ते वेगळे. कंत्राटी नर्सला यातले काही नाही. माझ्या बहिणीच्या हातात वीस हजारांच्या आतबाहेर पडतात. खासगी रुग्णालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतके, असे त्या समितीने सुचवले. तुमच्या ओळखीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला तिचा पगार विचारा, म्हणजे त्या शिफारशीचे काय झाले ते कळेल.

या कुठल्याही आकड्यात "फॉरेन्सिक" या शब्दाने एक रुपयाचीही भर पडत नाही. भरतीच्या जाहिरातीत अधिपरिचारिका असते, बालरोग परिचारिका असते, मनोरुग्ण परिचारिका असते. जिल्हा रुग्णालयाच्या भरतीत फॉरेन्सिक परिचारिका मला कुठे सापडली नाही. मी एक क्लाउड सर्टिफिकेट घेतले, दोन महिने संध्याकाळी अभ्यास केला, आणि पुढच्या नोकरीत पगार वाढला. बहिणीने वर्ष घालवले तरी तिला तोच वॉर्ड, तीच पाळी आणि तेच वाक्य मिळेल, "सिस्टर, हे तुमचं काम नाही."

हे वाक्य केवळ उर्मटपणातून येत नाही. त्याच्यामागे कायदा आहे.

कायद्यात नर्स कुठे आहे

बलात्कारपीडितेच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164-अ मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 184 मध्ये आहे. माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत त्या स्त्रीला तपासणीसाठी पाठवायचे, तपासणी तिच्या संमतीनेच करायची, अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा. आणि तपासणी कुणी करायची? नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीने, म्हणजे डॉक्टरने. पॉक्सो कायद्याच्या कलम 27 प्रमाणे पीडित मुलगी असेल तर महिला डॉक्टरने. नर्स हा शब्द यात नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रुग्णाला सर्वांत आधी भेटते ती सिस्टर. कपडे बदलताना शेजारी तीच असते. भाजलेली बाई पोलिसांना "स्टोव्हचा भडका उडाला" असे सांगते आणि रात्री तीन वाजता पाणी मागताना खरे काय ते सिस्टरलाच सांगते. जिना उतरताना पडले, दाराची कडी लागली, ही वाक्ये कितीदा ऐकली याची गणती तिच्याकडेच असते. म्हणजे माहिती तिच्याकडे, आणि ती नोंदवण्याचा अधिकार मात्र तिला नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये लैंगिक हिंसाग्रस्तांच्या वैद्यकीय-कायदेशीर तपासणीसाठी चांगली मार्गदर्शक तत्त्वे काढली. पोलिसांत तक्रार नसली तरी उपचार आणि तपासणी नाकारायची नाही. दोन बोटांची चाचणी करायची नाही. अंगावर जखमा नसतील तर त्या का नसतील, उशीर झाला का, आंघोळ केली का, धमकी होती का, तेही लिहायचे. नमुने घटनेनंतर 96 तासांपर्यंत घेता येतात. एवढे सगळे वाचून, समजून, घाई न करता करणारे माणूस रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठिकाणी कोण असणार? ज्या डॉक्टरांवर बाळंतपण, अपघात, सर्पदंश आणि शवविच्छेदन असे सगळे एकदम पडलेले असते, त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवणे त्यांच्यावरही अन्याय आहे. दोन बोटांची चाचणी चुकीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला 2013 मध्ये सांगावे लागले आणि 2022 मध्ये पुन्हा बजावावे लागले. नुसत्या परिपत्रकाने काम होत नाही, हे त्यावरून समजावे.

नोंद राहिली नाही तर

नोंदीची किंमत महाराष्ट्राला नवी नाही. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये मथुरा प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडताना अंगावर जखमा नसल्याचा आधार घेतला. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण जखमा नसणे म्हणजे संमती नव्हे, हे तपासणीच्या कागदावर लिहून ठेवणारे त्या वेळी कुणी नव्हते.

दुसरी आठवण तर एका नर्सचीच आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर बेचाळीस वर्षे त्या तिथेच पडून होत्या आणि 18 मे 2015 रोजी गेल्या. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर लागलाच नाही. के.ई.एम.च्या नर्सनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना जपले, अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर जखम होऊ दिली नाही. शुश्रूषेत त्या कमी पडल्या नाहीत. पण जो गुन्हा झाला तो कागदावर आणून कोर्टात सांगणे हे नर्सचे काम आहे, असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. पन्नास वर्षांनीही फारसे वेगळे चित्र नाही.

महाराष्ट्रात चांगले काही घडलेच नाही असे नाही. मुंबईत महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले, त्याला आता दोन तपांहून अधिक काळ झाला. घरगुती हिंसेची शिकार झालेली बाई रुग्णालयातच ओळखावी, तिथेच तिला आधार द्यावा, ही त्यामागची कल्पना. अशा कामात नर्स किती उपयोगी पडते हे तिथे दिसले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की वॉर्डातच नर्स पुरत नाहीत, खास नर्स कुठून आणायच्या? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी नवी माणसे मागू नयेत. आहेत त्यांच्यातल्या इच्छुक नर्सना प्रशिक्षण द्यावे, पाळीनिहाय जबाबदारी ठरवावी आणि त्या जबाबदारीचा भत्ता द्यावा. रिक्त पदे भरण्याची मागणी वेगळी आहे आणि ती करत राहिलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप वकिलांचा. नर्सची साक्ष कोर्टात टिकेल का? साक्ष पदवीवर कमी आणि नोंदीवर जास्त टिकते. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 39 मध्ये तज्ज्ञांच्या मताची व्याप्ती "इतर कोणत्याही क्षेत्रा"पर्यंत वाढवली आहे. शिकलेल्या, अनुभवी नर्सचे म्हणणे कोर्टाने ऐकावे यासाठी दार अगदीच बंद नाही. अमेरिकेत अशा नर्स तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहतात.

तिसरा आक्षेप घरातला. आमच्या एका काकांनी त्या दिवशीच ऐकवला, "मुलीच्या जातीने पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कशाला पडावं?" त्यावर बहीणच बोलली, "काका, ती मुलगी पण मुलीच्याच जातीची होती." मी यात भर घालायची गरज नव्हती. पण एक सांगतो. आपल्या समाजातल्या अनेक मुली आज नर्सिंगला येत आहेत. रात्रपाळी, स्कार्फ, लग्न या सगळ्यांवर घरी भांडून त्या शिकल्या आहेत. एखादी पीडित बाई आपल्याच वस्तीतली असेल, तिला फक्त दखनीत बोलता येत असेल, डॉक्टरसमोर तोंड उघडायला ती घाबरत असेल, तेव्हा तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी सिस्टर हजर असणे, याची किंमत कुठल्या वेतनश्रेणीत मोजायची?

मागणी काय असावी

माझ्या मते पाच गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात प्रत्येक पाळीला एक तरी फॉरेन्सिक प्रशिक्षित नर्स नेमलेली असावी आणि तिचे पद मंजूर यादीत असावे. दोन, नोकरीत असलेल्यांसाठी किमान 40 तासांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखाली सराव असावा, तोही पगारी रजेवर, आणि त्याची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे व्हावी. तीन, या जबाबदारीचा दरमहा भत्ता असावा. कोर्टात साक्षीला जाण्याचा दिवस कामाचा दिवस धरावा आणि प्रवासखर्च मिळावा. चार, कलम 184 मध्ये दुरुस्ती करून प्रशिक्षित नर्सला डॉक्टरच्या देखरेखीखाली तपासणीचे आणि नमुने घेण्याचे अधिकार द्यावेत. तोवर निदान तिची नोंद केस पेपरचा भाग मानावी. पाच, हे काम करणाऱ्या नर्सलाही मन मोकळे करायला समुपदेशक असावा, नाही तर दोन वर्षांत ती बदली मागेल.

नव्या संहितेच्या कलम 176 मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. गाड्या येतील, प्रयोगशाळा येतील, येऊ द्या. पण त्या प्रयोगशाळेत जाणारे पाकीट कॅज्युअल्टीत चुकीचे बांधले गेले, तर पुढच्या यंत्रांवरचा सगळा खर्च वाया जातो. ते पाकीट बांधणाऱ्या हातांचा पगार हा त्याच खर्चाचा भाग समजायला हवा.

तक्ता पूर्ण करून मी बहिणीला दिला. आपल्या रकान्यात "पद" या शब्दापुढे मी "नाही" असे लिहिले होते. तिने तो दोनदा वाचला. तिच्याकडे आखाती देशांतल्या परवान्यासाठी लागणाऱ्या प्रोमेट्रिक परीक्षेचे पुस्तकही आहे. तिच्या बरोबरीच्या तिघी गेल्या, आता तीही अभ्यास करते आहे. जाऊ नकोस, असे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

त्याऐवजी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय-कायदेशीर तपासणीचे प्रशिक्षण घेतलेल्या नर्स किती? त्या कोणत्या पाळीत असतात? त्यांना काही वेगळा भत्ता मिळतो का? तीनच प्रश्न. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो कुणालाही देता येतो. वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात तो द्यावा आणि आलेली उत्तरे एकत्र करावीत. त्यांचा तक्ता मी करून देईन.